एकट्याची वाट : धन्य पेत्रो किबे कासुई (१५८७-१६३९)

प्रशिक्षण संपले, प्रमाणपत्र हाती आले की पाठीवर सॅक टाकून एकट्यानेच दूरच्या मुलखात भटकंतीला निघावे, ही आवड आजच्या तरुण पिढीत दिसून येते. मिशनकार्याचे शिक्षण घेतलेले युवकही त्याला अपवाद नाहीत. अशाच एका प्रवाशाची जीवनकहाणी आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. धर्मशिक्षण पूर्ण करून हाही तरुण एकटा निघाला होता. मात्र त्याच्यापाशी ना पैसा होता, ना वरिष्ठांची शिफारस. तो जपानमधून हद्दपार झाला होता. आपल्या गोव्याच्या बंदरातून पुढे सरकत तो इराण आणि इराक पार करून जेरुसलेमला पोहोचला आणि तेथून रोमला गेला. जेरुसलेमचे दर्शन घेतलेला पहिला ज्ञात जपानी माणूस म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. त्याचे नाव पेत्रो किबे कासुई.

जपानच्या दक्षिणेकडील क्युशू बेटावर बुंगो नावाचा प्रांत होता. त्याच्या ईशान्येस समुद्रात शिरलेला कुनिसाकी हा भूभाग आहे. प्राचीन बौद्ध मठांसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागातील उराबे या किनारपट्टीच्या गावी १५८७ साली पेत्रो यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव रोमानो किबे आणि आईचे मारिया हाता. दोघेही बाप्तिस्मा घेतलेले श्रद्धावंत होते. संत फ्रान्सिस झेविअर १५४९ साली जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले आणि दोन वर्षांनी त्यांनी बुंगोच्या दरबारी भेट दिली. तेथील तरुण सरदार ओतोमो सोरिन यांनी त्यांचे आदराने स्वागत केले आणि पुढे १५७८ मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेऊन फ्रान्सिस्को हे नाव धारण केले. किबे कुटुंबाची श्रद्धा याच मातीत रुजली होती.

परंतु ज्या वर्षी पेत्रो जन्मले त्याच वर्षी सोरिन यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला. तो हुकूम लगेच काटेकोरपणे अमलात आला नाही. तरीही डोक्यावर टांगत्या तलवारीसारखा तो राहिला, आणि या मुलाचे बालपण व तारुण्य त्याच सावटाखाली गेले.

वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १६०० साली, पेत्रो सेमिनरीत दाखल झाले. येशूसंघाचे फादर आलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांनी १५८० मध्ये आरिमा येथे ही सेमिनरी सुरू केली होती. लॅटिन भाषा, जपानी साहित्य, संगीत आणि ख्रिस्ती तत्त्वांचे शिक्षण तेथे मिळत असे. याच सेमिनरीतील चार मुलांना व्हालिन्यानो यांनी १५८२ मध्ये युरोपला पाठविले होते. ती मुले गोव्यावरूनच गेली, पोप महोदयांना भेटली, राजेरजवाड्यांचे आदरातिथ्य अनुभवून आठ वर्षांनी मायदेशी परतली आणि येताना छापखाना घेऊन आली. त्या मानाच्या प्रवासाच्या गोष्टी सेमिनरीच्या भिंतींना पाठ असणार. त्या चौघांपैकी एक, जुलियन नाकाउरा, यांचे नाव या कहाणीच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

सहा वर्षांचे शिक्षण १६०६ मध्ये संपले. पेत्रो तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आपण येशूसंघात प्रवेश करायचा, असे खासगी व्रत त्यांनी देवापुढे घेतले. पण त्यांची निवड झाली नाही. सेमिनरी पूर्ण केलेल्या बहुतेक जपानी तरुणांप्रमाणे त्यांनाही दोजुकु म्हणून काम देण्यात आले. दोजुकु हा शब्द मुळात बौद्ध मठांतला. मिशनऱ्यांसमवेत राहणारा, प्रवचन देणारा, दुभाष्याचे काम करणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा, आजाऱ्यांपाशी बसणारा आणि मृतांना मूठमाती देणारा सेवक म्हणजे दोजुकु. मिशनचा बराचसा भार याच लोकांच्या खांद्यावर होता. अधिकार मात्र त्यांना नव्हते. या काळात पेत्रो कासुई हे नाव लावू लागले. या नावाचा अर्थ जिवंत पाणी असा सांगितला जातो. विहिरीपाशी शमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभू येशूने ज्या पाण्याचा उल्लेख केला, ते पाणी. आठ वर्षे त्यांनी ही सेवा केली.

येथे वसईच्या वाचकांना एक ओळखीची गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया हेदेखील जपानमध्ये येशूसंघीयांसमवेत असेच धर्मशिक्षकाचे काम करीत होते. त्यांचीही येशूसंघात प्रवेश मिळावा ही इच्छा होती आणि तीही पुरी झाली नाही. पुढे ते व्यापारात पडले आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. दुभाष्या म्हणून जपानला परतल्यावर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ते क्रुसावर हुतात्मा झाले. पेत्रो किबे तेव्हा दहा वर्षांचे होते. दोघांची भेट झालेली नाही. पण दोघांनाही दाराबाहेर थांबावे लागले होते, आणि ते दार शत्रूने बंद केलेले नव्हते.

१६१४ साली तोकुगावा इएयासू याच्या राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. चर्चेस पाडण्यात आली. मिशनरी, दोजुकु आणि अनेक प्रतिष्ठित ख्रिस्ती कुटुंबे यांना नागासाकीला एकत्र करून नोव्हेंबरमध्ये जहाजांत बसवून देण्यात आले. काही जहाजे मनिलाकडे गेली, काही मकावकडे. पेत्रो मकावच्या जहाजात होते. वय सत्तावीस.

मकाव हे पोर्तुगीजांचे छोटे बंदर. तेथे एकाएकी शेकडो निर्वासितांची सोय लावणे हे येशूसंघापुढे अवघड काम होते, हे मान्य करावेच लागेल. जपानी तरुणांसाठी लॅटिनचा वर्ग चालू झाला, पण तो टिकला नाही. गुरुदीक्षेसाठी जपानी उमेदवार घेऊ नयेत असे तेथील वरिष्ठांचे मत बनत गेले. साधने अपुरी होती हे एक कारण. दुसरे कारण लिहिताना संकोच वाटतो, पण ते वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जपानी माणूस स्वभावाने धर्मगुरू होण्यास योग्य नाही, असा ग्रह काही युरोपियन धर्मबंधूंच्या मनात घर करून होता. ज्या देशात शेकडो हुतात्म्यांनी रक्त सांडले, त्या देशातील तरुणांविषयी असे मत बाळगले जावे, याचे आज आश्चर्य वाटते. त्या काळी फारसे कोणाला वाटले नाही.

पेत्रो यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. मकावमध्येच राहून मिळेल ते काम करावे, किंवा सगळे सोडून प्रपंचात पडावे. त्यांनी तिसरा मार्ग निवडला. मायदेशात लोक लपूनछपून प्रार्थना करीत होते. धर्मगुरू एकामागून एक पकडले जात होते, मरणाऱ्याला पापनिवेदन ऐकणारा कोणी मिळत नव्हता. जपानी चेहऱ्याचा, जपानी बोलणारा धर्मगुरूच तेथे लपून राहू शकला असता. मकाव गुरुदीक्षा देणार नसेल तर ती जेथे मिळेल तेथे जायचे, असे त्यांनी ठरविले. १६१७-१८ च्या सुमारास मान्सियो कोनिशी आणि मिगेल मिनोएस या दोन जपानी सोबत्यांसह त्यांनी मकाव सोडले आणि गोवा गाठला.

हा गोवा म्हणजे आजचे जुने गोवे. पोर्तुगीज पूर्वेची राजधानी, चर्चेस आणि मठांनी गजबजलेली. बासिलिका ऑफ बॉम जेझूचे अभिषेचन होऊन तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षे झाली होती. ज्यांनी जपानला सुवार्ता नेली त्या फ्रान्सिस झेविअर यांचे पार्थिव याच शहरात होते. त्यांना अजून संतपद मिळालेले नव्हते. बुंगोच्या दरबारात पोहोचलेल्या त्या मिशनऱ्याच्या शवपेटीच्या शहरात बुंगोचा एक निर्वासित आपली वाट शोधत आला होता.

येथे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मान्सियो आणि मिगेल समुद्रमार्गे, आफ्रिकेला वळसा घालून युरोपला निघाले. पेत्रो मात्र जमिनीच्या वाटेने एकटे निघाले.

या प्रवासाचा आवाका ध्यानात येण्यासाठी त्या काळची वाट कशी होती ते थोडे विस्ताराने सांगतो. गोव्याहून अरबी समुद्र ओलांडून इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बेटावर जायचे. हे बेट १६२२ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. तेथपर्यंत पोर्तुगीज झेंड्याची सावली होती, त्यापुढे नाही. होर्मुझ हे नाव मोठे, पण बेट रुक्ष. गोड्या पाण्यासाठीसुद्धा दुसऱ्या किनाऱ्यावर अवलंबून. समोरच्या इराणी किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे आत निघत. इराणवर तेव्हा शाह अब्बास पहिला याचे राज्य होते. त्याने ख्रिस्ती मठवासीयांना इस्फहान शहरात राहू दिले होते, आणि ऑगस्टिनियन व कार्मेलाइट संघांची घरे तेथे होती. पश्चिमेस बगदादपासून पुढे ऑट्टोमन तुर्कांची सत्ता. या दोन साम्राज्यांमधील एक युद्ध १६१८ मध्ये नुकतेच थांबले होते. बगदादच्या पलीकडे सिरियाचे वाळवंट. ते एकट्यादुकट्याने पार करता येत नसे. उंटांच्या तांड्याबरोबर आठवडेच्या आठवडे चालावे लागे. दिवसा ऊन, रात्री थंडी, आणि वाट पाण्याच्या ठिकाणांवरून ठरे. तांड्याला लुटारूंचे भय आणि तांड्यातल्या परक्याला तांड्याचेही.

या वाटेवर जपानी भाषा समजणारा एकही मनुष्य नव्हता. लॅटिन आणि पोर्तुगीज मठांच्या दारापर्यंत उपयोगी, बाजारात नाही. पदरी पैसा नाही, पाठीशी राजा नाही, खिशात शिफारसपत्र नाही. अशा अवस्थेत पेत्रो किबे होर्मुझ, इराण आणि बगदाद करीत पवित्र भूमीत पोहोचले.

मार्को पोलोसारखे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले नाही. पुढे रोममध्ये येशूसंघात प्रवेश घेताना त्यांनी आपल्या हाताने एक छोटे लॅटिन निवेदन लिहिले. ते आजही जपून ठेवलेले आहे. त्यात आपले वय, प्रांत, आईवडिलांची नावे आणि आपल्या पाचारणाविषयी समाधान हे सारे येते. उन्हातान्हाचे, भुकेचे, भयाचे एक अक्षर नाही. आजच्या काळात दोन दिवसांच्या ट्रेकची शंभर छायाचित्रे निघतात, हे आठवून आम्हांला क्षणभर हसू आले. नंतर मात्र वाटले, त्यांच्या दृष्टीने ती पायपीट सांगण्यासारखी गोष्टच नसावी. त्यांना रोमला पोहोचायचे होते, आणि रोमहून परत घरी.

जेरुसलेममध्ये फ्रान्सिस्कन धर्मबंधू पवित्र स्थळांची राखण करीत आणि यात्रेकरूंना आसरा देत. येथे आणखी एका यात्रेकरूची आठवण होते. १५२३ साली इग्नेशिअस लोयोला असेच हातात पैसा न ठेवता जेरुसलेमला आले होते. त्यांना तेथेच कायमचे राहायचे होते. फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी परवानगी नाकारली आणि त्यांना परतावे लागले. त्या परतण्यातूनच पुढे येशूसंघ जन्माला आला. त्या संघाच्या दारात उभे राहण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षांनंतर एक जपानी तरुण त्याच पवित्र भूमीवरून चालत निघाला होता.

१६२० मध्ये पेत्रो रोमला पोहोचले. त्यांच्याआधी एक पत्र तेथे पोहोचलेले होते. मकावच्या वरिष्ठांनी कळविले होते की असे काही जपानी तरुण आल्यास त्यांना दाखल करून घेऊ नये. तीन वर्षांची वाटचाल करून आलेल्या माणसाचे स्वागत करायला हेच पत्र हजर होते.

रोमने ते पत्र वाचले आणि मग समोरच्या माणसाकडे पाहिले. आमच्या मते या सर्व कथेतील हा एक सुखद क्षण आहे. पेत्रो यांची परीक्षा घेण्यात आली, ते योग्य ठरले, आणि १५ नोव्हेंबर १६२० रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. त्यानंतर आठवडाभरातच रोममधील सांत आंद्रेआ येथील येशूसंघाच्या नवशिष्यगृहात ते दाखल झाले. एकोणिसाव्या वर्षी घेतलेले खासगी व्रत चौदा वर्षांनी फळाला आले.

इग्नेशिअस यांनी घालून दिलेल्या नियमांनुसार प्रत्येक नवशिष्याला काही कसोट्यांतून जावे लागते. त्यांतील एक म्हणजे महिनाभर पैशाविना, भिक्षा मागत पायी यात्रा करणे. मनुष्याने आपला सगळा भरवसा देवावर टाकायला शिकावे, हा तिचा हेतू. फादर किबे यांनी ही कसोटी आधीच देऊन ठेवली होती. एका महिन्याऐवजी तीन वर्षे.

१२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये इग्नेशिअस लोयोला आणि फ्रान्सिस झेविअर यांना एकाच दिवशी संतपद देण्यात आले. फादर किबे तेव्हा रोममध्येच होते. आपल्या प्रांताच्या दरबारी गेलेल्या, गोव्यात विसावलेल्या त्या माणसाला संत घोषित होताना पाहण्याचे भाग्य एका जपानी धर्मगुरूला लाभले.

रोममध्ये राहण्याचा मोह कोणालाही झाला असता. फादर किबे यांनी मात्र नवशिष्यकाळ पूर्ण होण्याआधीच जपानला परतण्याची परवानगी मागितली. येशूसंघाचे महाप्रमुख फादर मुत्सियो व्हितेल्लेस्की यांनी ती दिली. जून १६२२ मध्ये त्यांनी रोम सोडले, लिस्बन येथे नवशिष्यकाळ पुरा करून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली व्रते घेतली, आणि मार्च १६२३ मध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजात पाय ठेवला. १६२४ मध्ये ते पुन्हा गोव्यात उतरले. एकदा उपरा म्हणून आलेले ते शहर आता त्यांना फादर म्हणत होते.

त्यांच्या जाण्याच्या प्रवासाचे सगळेच कौतुक करतात, येण्याच्या प्रवासाविषयी फारसे कोणी बोलत नाही. आम्हांला तर येण्याचाच प्रवास अधिक कठीण वाटतो. जायला तीन वर्षे लागली. रोम सोडल्यापासून जपानच्या किनाऱ्याला पाय लागेपर्यंत आठ वर्षे गेली. शिवाय जाताना पुढे गुरुदीक्षा होती, येताना पुढे काय आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मकावला पोहोचल्यावर कळले की तेथून जपानला जाणे जवळजवळ अशक्य झाले आहे. धर्मगुरूला लपवून नेल्याचे उघड झाले तर जपानशी चालणारा सारा व्यापार बुडेल, या भीतीने कोणी त्यांना जहाजात घेईना. तेव्हा ते दक्षिणेकडे वळले. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत डचांनी जहाजावर हल्ला केला. फादर किबे कसेबसे किनाऱ्याला लागले आणि पायी मलाक्का गाठून तेथे तापाने आजारी पडले. बरे झाल्यावर १६२७ मध्ये ते सयामच्या राजधानीत, अयुथ्या येथे गेले. तेथे जपानी लोकांची मोठी वस्ती होती. यामादा नागामासा नावाचा जपानी सरदार सयामच्या राजाच्या पदरी मानाला चढला होता. जपानी व्यापारी जहाजे तेथे येत-जात, त्यांपैकी एखाद्यात खलाशी म्हणून शिरकाव करावा असा त्यांचा बेत. दोन वर्षे ते वाट पाहत राहिले. जपानी जहाजांवर ख्रिस्ती माणसाला थारा नव्हता. बेत फसला.

याच १६२७ साली रोममध्ये गोन्सालो गार्सिया आणि त्यांच्या सोबत्यांना धन्य घोषित करण्यात आले.

मग ते मनिलाला गेले. तेथे त्यांना मिगेल मात्सुदा नावाचे आणखी एक जपानी येशूसंघीय धर्मगुरू भेटले. १६३० मध्ये दोघांनी मनिलाजवळच्या लुबांग बेटावर एक जुनी नौका मिळविली आणि प्रवासाची तयारी केली. निघायची वेळ आली तेव्हा ध्यानात आले की नौकेच्या तळाच्या फळ्या वाळवीने पोखरल्या आहेत. आतून नव्या फळ्या ठोकून ती कशीबशी तरंगण्याजोगी केली आणि समुद्रात लोटली. कोणत्याही कोळ्याला विचारावे, अशा नौकेतून तो खाडीसुद्धा ओलांडणार नाही. जपानच्या दक्षिणेला तोकारा बेटांपाशी वादळात ती फुटली. बेटावरच्या लोकांनी त्यांना वाचविले आणि त्यांच्याच मदतीने ते बोनोत्सू बंदराला लागले. संत फ्रान्सिस झेविअर ज्या कागोशिमाला उतरले होते त्याच मुलखातले हे बंदर. हद्दपारीला सोळा वर्षे झाली होती. फादर किबे आता त्रेचाळीस वर्षांचे होते.

घरी आल्यावर काय झाले, हे थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. लपून राहणाऱ्या माणसाच्या नोंदी कोण ठेवणार? नागासाकीच्या परिसरात त्यांनी छुप्या श्रद्धावंतांची सेवा केली. ऑक्टोबर १६३३ मध्ये तेथे पकडलेल्या धर्मगुरूंना खड्ड्यावर उलटे टांगण्यात आले. त्यांत, पूर्वी युरोपला गेलेले जुलियन नाकाउरा होते. त्यांनी प्राण सोडला, श्रद्धा सोडली नाही. त्याच वेळी जपानमधील येशूसंघाचे प्रमुख, पोर्तुगीज फादर क्रिस्तोव्हाव फेरैरा, यांनी काही तासांच्या छळानंतर धर्मत्याग केला. या बातमीने मकावपासून रोमपर्यंत सर्वांना हादरा बसला. फादर किबे यांनी फेरैरा यांना गुप्तपणे गाठले, आपण दोघे मिळून अधिकाऱ्यांपुढे जाऊ आणि मरू, असे विनविले, असे सांगितले जाते. फेरैरा तयार झाले नाहीत. जपानी कादंबरीकार शुसाकू एन्दो यांच्या १९६६ च्या कादंबरीमुळे आणि २०१६ च्या चित्रपटामुळे आज फेरैरा हे नाव जगाला ठाऊक आहे. त्याच एन्दो यांनी फादर किबे यांचेही चरित्र लिहिले, ते फारसे कोणी वाचलेले नसते.

दक्षिणेत लपणे अशक्य झाल्यावर फादर किबे पुन्हा चालू लागले. या वेळी देशाच्या ईशान्येकडील बर्फाळ मुलखात, सेंदाईच्या आसपास. तेथे खाणकामगार आणि शेतकरी म्हणून दूरदूरचे ख्रिस्ती लोक आश्रयाला आले होते. फादर किबे यांनी तेथे काही वर्षे काढली. १६३७-३८ मध्ये दक्षिणेत शिमाबारा येथे गांजलेल्या शेतकऱ्यांचे बंड झाले, त्यात बहुसंख्य ख्रिस्ती होते. ते बंड चिरडल्यानंतर शोधाशोध तीव्र झाली, पाद्री दाखवून देणाऱ्याला चांदीची बक्षिसे जाहीर झाली. १६३९ मध्ये फादर किबे सेंदाईच्या मुलखात पकडले गेले आणि त्यांना एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, नेण्यात आले.

त्यांच्याबरोबर इटालियन फादर जोव्हान्नी बात्तिस्ता पोर्रो आणि जपानी फादर मार्तिनो शिकिमी हे दोन येशूसंघीय होते. दोघेही वृद्ध होते. चौकशी इनोउए मासाशिगे या अधिकाऱ्याने चालविली. खुद्द शोगुन इएमित्सू हाही चौकशीला उपस्थित होता. नंतर सर्वांना खड्ड्यावर टांगण्यात आले. पोर्रो आणि शिकिमी यांचा धीर सुटला आणि त्यांनी धर्मत्यागाचे शब्द उच्चारले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो खड्डा आम्ही पाहिलेला नाही. फादर किबे यांच्यासमवेत त्याच खड्ड्यावर दोन धर्मशिक्षक टांगलेले होते. फादर किबे त्यांना सतत धीर देत राहिले. हा मनुष्य जवळ असेपर्यंत ते दोघे बधणार नाहीत, हे अधिकाऱ्यांनी ओळखले. तेव्हा त्यांना वर काढून त्यांच्या पोटावर जळती लाकडे ठेवण्यात आली आणि त्यांचा अंत करण्यात आला. जुलै १६३९ चा तो महिना. त्यांचे वय बावन्न वर्षे होते. इनोउए यांच्या दप्तरात या खटल्याची नोंद राहिली आहे. किबे पेत्रो याने धर्म सोडला नाही, असे त्यांना ठार मारणाऱ्यांनीच तीत लिहून ठेवले.

गोव्यात त्यांचा निरोप घेतलेले मान्सियो कोनिशी हेही युरोपात गुरुदीक्षा घेऊन जपानला परतले होते. ते १६४४ पर्यंत लपून सेवा करीत राहिले. ते हुतात्मा झाल्यावर जपानमध्ये एकही धर्मगुरू उरला नाही. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे तेथील ख्रिस्ती लोकांनी धर्मगुरूंशिवाय, घराघरांत लपून श्रद्धा जपली.

२४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीच्या बेसबॉल मैदानावर, पावसात, सुमारे तीस हजार लोकांच्या उपस्थितीत पोप महोदयांचे प्रतिनिधी कार्डिनल जोझे सराइव्हा मार्टिन्स यांनी फादर पेत्रो किबे आणि त्यांच्या १८७ सोबत्यांना धन्य घोषित केले. असा सोहळा जपानच्या भूमीवर प्रथमच होत होता. फादर जुलियन नाकाउरा यांचेही नाव त्या यादीत आहे. १८८ जणांच्या त्या यादीत धर्मगुरू चार आणि ब्रदर एक. उरलेले १८३ जण प्रापंचिक होते, शेतकरी, सामुराई, आया आणि कडेवरची मुले.